सगळीकडे ‘कधीच नाही’

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. पार्लर जोरात चाललंय, ऑपरेशननंतर लेक हिंडूफिरू लागलीय.

आता मुद्द्याचं. माझं लक्ष का टिकत नाही याची तपासणी चाललीय ना, त्यासाठी तू भरलेला फॉर्म डॉक्टरबाईंना मिळाला. माझ्या लहानपणाबद्दल अठरा प्रश्न, आणि अठराही उत्तरं ‘कधीच नाही’! अरे, देवाला तरी घाबर. ‘वस्तू हरवते का?’ कधीच नाही? मग माझं दप्तर शोधत गावभर कोण फिरायचं, शेजारी? वर शेरा काय, तर ‘कात्री हातात असली की जग बुडालं तरी हिचं लक्ष हलत नाही.’ तेच तर दुखणं आहे! आवडीच्या कामाला चिकटते आणि बाकी सगळं वाऱ्यावर.

तू असं का लिहिलंस ते कळतं मला. बाबा ओरडायला लागले की ‘तिनं नाही, मी हरवलं’ म्हणून तू मध्ये पडायचास, मारही खायचास. आत्ताही तेच केलंस. बहिणीला कुणी वेडी म्हणू नये म्हणून. पण समोर बाबा नाहीत रे. मोठेपणी लक्ष उडायला कारणं छप्पन्न असतात, बाई म्हणाल्या. हे लहानपणापासूनचं आहे असं कुणी सांगितल्याशिवाय त्या औषधाचं नाव काढत नाहीत. आई-बाबा गेले. सांगणारा तू एकटाच उरलास.

लेकीचं ऑपरेशन अचानक झालं असं मी फोनवर म्हणाले होते. तितकंसं अचानक नव्हतं ते. पोट दुखतंय म्हणून तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी ‘हो हो’ म्हणाले म्हणे. मला आठवतसुद्धा नाही. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, दादा. आता तिला काही सांगायचं असलं की ती शेजारच्या काकूंकडे जाते. मला माझी पोर परत हवी आहे. तिनं सांगावं आणि मी ऐकावं, एवढंच.

घरातलं माणूस म्हणून तिनंही एक फॉर्म भरलाय. जवळजवळ सगळीकडे ‘नेहमी’. भरताना रडत होती, पण एकही खूण खोडली नाही.

नवा फॉर्म सोबत आहे. रविवारी न्यायला येतेय. चहा नको, समजूत नको. सतरा वर्षांच्या पोरीला आईबद्दल खरं लिहायचा धीर झाला. तू तर तिचा मामा आहेस.

भरलेला फॉर्म घेतल्याशिवाय न उठणारी,
तुझी धाकटी