पहिल्या कार्डाची जागा

१२ जानेवारी २०२६, सोमवार
कान्हे फाट्यावरून जीप मिळाली. आठला टाकव्याला पोचले. थंडी होती, पण ऊन छान पडलं होतं. गुलाबाची सहा पॉलिहाऊस आहेत. इथे सगळे त्यांना शेडच म्हणतात. मॅनेजर गोपाळकृष्ण सर तळेगावहून येतात. त्यांनी स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, व्हॅलेंटाइनचा माल महिनाअखेरीला परदेशी जायचाय, तेवढा नीट जाऊ दे, मग तुम्ही आणि तुमचे संगणक.

फुलं कापणाऱ्या बायकांच्या मुकादम धोंडाबाई. त्यांनी विचारलं, की तुमी त्या गार खोलीत बसून करता तरी काय? मी सांगितलं, शेडचे पडदे आणि फवारणी चालवते. तर म्हणाल्या, आमी इतकी वर्सं दोरी वढून पडदे वर केले, आमाला न्हाई कुनी खुर्ची दिली! सगळ्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

श्रीयशला जाऊन दहा महिने झाले. इथे कुणाला सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी हळदीकुंकू केलं. सारिका म्हणून एक तरुण मुलगी आहे, ती करंडा घेऊन माझ्याकडे आली. मी मागे सरले. तिला कळेना. धोंडाबाईंना कळलं. त्यांनी तिला बाजूला केलं आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

१५ जानेवारी, गुरुवार
काम मार्गी लागलं. सहा शेडना सहा जुने संगणक होते. त्यांच्याऐवजी एका सर्व्हरवर सहा व्हर्च्युअल मशीन केली. एकाच पेटीत सहा संगणक, असं मी धोंडाबाईंना सांगितलं. प्रत्येकाला दोन नेटवर्क कार्डं. ईथ-झिरो ऑफिसकडे, तिकडून हुकूम येतो. ईथ-वन शेडकडे, तिकडे पडद्यांच्या मोटरी आणि औषधाचा पंप. मशीन बंद करून चालू केल्यावर नावं अदलाबदल झाली तर हुकूम भलतीकडे जातो. म्हणून कुठल्या नंबरच्या कार्डाचं काय नाव, हे एका फाइलमध्ये पक्कं लिहिलेलं असतं.

सहाही मशीन मी एका साच्यावरून उतरवली. साचा श्रीयशने बनवलेला. तोही याच कामात होता. उतरवल्यावर ती फाइल पुसायची असते. मी विसरले. आमच्या कामात ही चूक सगळ्यांकडून होते. श्रीयशच्या मशीनचं कार्ड आता कुठेच नाही, पण फाइलमधल्या एका ओळीत ईथ-झिरोची जागा त्याच्यासाठी राखलेली. म्हणून नवी कार्डं ईथ-वन आणि ईथ-टू झाली. त्या जुन्या कार्डाच्या नंबराचे शेवटचे सहा आकडे त्याने हाताने भरले होते. २३११०८. आमच्या लग्नाची तारीख.

पाच मशीनमधून ती ओळ पुसली. चार नंबरमधून मला पुसवली नाही. तिथे ऑफिस ईथ-वनवर घेतलं, शेड ईथ-टूवर. ईथ-झिरोवरून हुकूम घेण्याची सोय तशीच राहिली आहे, पण तिकडून येणार कोण? व्यवस्थित चाललं आहे.

२० जानेवारी, मंगळवार
चार नंबरचं ईथ-झिरो ‘जोडलेलं’ दाखवत होतं. असं कार्ड सर्व्हरमध्ये नाही. मी दोनदा तपासलं. आत येणाऱ्या माहितीचा आकडा शून्य होता तो तीन झाला. मी बघत बसले तेवढ्यात चार झाला.

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. हे इथेच लिहिते.

२२ जानेवारी, गुरुवार
धोंडाबाई तक्रार घेऊन आल्या. चार नंबरचे पडदे भर दुपारी आपोआप खाली येतात, आत जीव गुदमरतो. वर म्हणाल्या, मॅडम, तुमच्या मशिनीला थंडी वाजती का काय? बाकीच्या खिदळल्या.

श्रीयशला उघडी खिडकी सहन व्हायची नाही. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमधली खिडकी बंद असतानाही तो मला ती लावायला सांगायचा. थंडी वाजतेय, रजनी.

मी नोंदी काढून पाहिल्या. पडद्यांचा हुकूम ऑफिसमधून गेलेला नाही. ईथ-झिरोवरून गेला आहे. ओळ पुसायला हवी, कारण पंपही त्याच मशीनवर आहे. फाइल उघडली. ओळीवर बोट ठेवलं. बंद केली. उद्या करते.

२३ जानेवारी, शुक्रवार
नाही पुसली. आकडा चारशेवर गेला. मी खोलीत आले की वाढतो. जेवायला गेले की थांबतो.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळी अकराला चार नंबरचे सगळे पडदे खाली आले आणि औषधाची फवारणी सुरू झाली. फवारणी दुपारी चारनंतर करायची असते, शेड रिकामं करून. आत सारिका होती. धोंडाबाईंनी कात्रीने प्लॅस्टिक फाडून तिला बाहेर ओढलं. तोंडाला फेस होता. गाडीतून तळेगावला नेलं. अजून शुद्धीवर नाही.

धोंडाबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, की पोरगी आत हाय हे तुमच्या मशिनीला दिसत न्हाई का? मी म्हणाले, नाही दिसत. त्या म्हणाल्या, मंग तुमाला तरी दिसायचं.

हुकूम ईथ-झिरोवरून. मला गुरुवारीच माहीत होतं. पुसली असती तर —

ओळ पुसली. मशीन बंद करून चालू केलं.

ओळ परत होती.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. शेडमध्ये कुणी नाही. चार नंबरचं मशीन नवं केलं, श्रीयशचा साचा न वापरता. तरी ईथ-झिरोपुढे तोच नंबर. मग एक नंबर पाहिलं. दोन, तीन, पाच, सहा. सगळीकडे तीच ओळ. सगळीकडे जोडलेलं. सर्व्हरच्या मागच्या नेटवर्कच्या सगळ्या वायरी काढून हातात घेतल्या. तरी जोडलेलं.

दुपारी वायरी परत लावल्या आणि लॅपटॉप घेऊन चार नंबरच्या शेडमध्ये जाऊन बसले. पाच मिनिटांत बाकीच्या पाच ठिकाणचं ईथ-झिरो सुटलं. फक्त चार राहिलं. बाहेर आले, पाचही परत जोडले गेले. आत गेले, सुटले. तीन वेळा करून पाहिलं.

पडदे खाली येत होते. हळूहळू. मी बसले होते त्या बाजूचे आधी.

२७ जानेवारी, मंगळवार
सारिकाला शुद्ध आली. तिची आई सांगत होती, की पोरगी पहिलं वाक्य बोलली ते असं, की पडदा लावा, थंडी वाजतीय.

सरांना सगळं सांगितलं. गुरुवारचंही. ते म्हणाले, तुमच्या घरचं मला कळलंय, तुम्ही सुट्टी घ्या. सगळ्या शेडच्या पंपांचा मिळून एकच फ्यूज आहे, तो मी काढून ठेवला होता. त्यांनी परत बसवून घेतला. फवारणी नसेल तर माल परत येतो म्हणे. उद्या सात ते तीन कापणी, पाच शेडमध्ये. चार बंद. बाहेरच्या गावातून वीस बायका आणल्या आहेत. त्यांना काही माहीत नाही.

धोंडाबाईंच्या घरी गेले. सांगितलं, की उद्या कुणालाही चार नंबरकडे येऊ देऊ नका, मला शोधायलाही नाही. त्यांनी विचारलं, तितं कोन हाय? मी सांगितलं, माझे मिस्टर. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमी नका जाऊ. मी म्हणाले, मी नाही गेले तर तो बाकीच्यांकडे जातो.

२८ जानेवारी, बुधवार
सकाळी ७
आत आले. कडी आतून लावली. पाचही सुटले. बाहेर बायकांचे आवाज. कुणीतरी गाणं म्हणतंय.

९.३०
फक्त चार. आकडा आता मोजता येत नाही, फार भरभर —

११
पडदे पूर्ण खाली. पंप अजून बंद. लॅपटॉपची बॅटरी संपत आली. तिकडे अजून कापणी चालू आहे. तीनपर्यंत बसायचंय. तीनपर्यंत —

१२.१०
लॅपटॉप बंद पडला. आता कळायला मार्ग नाही. पण बाहेर कुणी ओरडलं नाही. म्हणजे तो इथेच आहे.

नळीत पाणी भरल्यासारखा आवाज. वरच्या, फवारणीच्या नळीत.

फार उकडतंय. स्वेटर काढला. बाह्या आत घेऊन घडी घालते, मांडीवर ठे —