लग्नातला कोट

अण्णा, काल आईने ऊन दाखवायला ट्रंक उपसली आणि तुमचा लग्नातला कोट हाती आला. तसाच आहे, खांद्यांना रुंद, कमरेला बेताचा.

ठाणे स्टेशनातल्या वजनाच्या काट्यावर तुम्ही उभे राहायचात. आणा टाकला की जाड कागदाचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य मी वाचायचे. वजन तुम्ही आईला दाखवायचात. लग्नात होतं तेवढंच आहे, हा तुमचा अभिमान. मावशीच्या लग्नाला निघताना मात्र कोटाचं बटण लागत नाही. आई मागे येते, खांद्यावरचं सैल कापड चिमटीत धरते आणि म्हणते, "अहो, वजन तेच असेल, पण इथलं तिथे उतरलंय." तुम्ही हसता. मांडवात जो तो तुम्हाला म्हणतो, तब्येत सुधारली. आपल्याकडे पोट सुटलं की तब्येत सुधारते. नळ आल्यापासून तुमचं विहिरीचं पाणी ओढणं बंद झालं होतं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. पुढे तहान वाढली, तुम्ही वाळत गेलात. मधुमेह हा शब्द घरात आला तेव्हा उशीर झाला होता.

आता मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लघवीतली साखर तपासते. निळं द्रावण घालून तापवायचं. साखर असेल तर ते हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी होतं. गेल्या वर्षी आईचं हिरवं झालं. तिचंही वजन पूर्वीइतकंच, पण पोलक्याच्या बाह्या सैल आणि पुढची गाठ बसेना. तेव्हापासून रोज सकाळी तिला खाडीपर्यंत चालवते, परतल्यावर भरलेल्या कळशा उचलायला लावते, ताटात भात कमी आणि उसळ जास्त वाढते.

"या वयात मला आखाड्यात धाडणार आहेस का गं?" ती विचारते, आणि कळशी उचलते. शेजारच्या काकू म्हणतात, आईची तब्येत उतरली. या आठवड्यात तिचं द्रावण निळंच राहिलं. पोलक्याची गाठही बसते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. कोटाच्या आतल्या खिशात राहील. एवढंच सांगते, रविवारी दुपारी तुम्ही आडवे झालात की मी त्याच पोटावर डोकं ठेवून झोपायचे. ते कमी व्हावं असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. आठवणीत तर अजूनही वाटत नाही.