सिस्टरचं नाव

जर्सी सिटी,
८ नोव्हेंबर २००४

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

काकांची उजवी बाजू अजून हलत नाही. मी दमले आहे, पण रडगाणं गात नाही. त्यांचं करायला सकाळी एक जमैकन सिस्टर येतात. आंघोळ घालताना त्या गुणगुणतात आणि महिनोन्‌महिने गप्प असलेले काका डाव्या हाताने ताल धरतात. मी विचारलं, तेव्हा कळलं की एकोणऐंशी साली सिस्टरनी किंग्स्टनला एक रेगे गाणं रेकॉर्ड केलं होतं. गाणं गाजलं. रेकॉर्डवर नाव मात्र फक्त बँडचं.

तुझ्या कॉलेजच्या रेडिओवर तू विसरलेल्या रेगे गायकांचा कार्यक्रम करतेस ना? सिस्टरांकडची त्या गाण्याची कॅसेट पाठवते आहे. तुझ्या त्या धांगडधिंग्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण या बाईंचा आवाज खरा आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी मृणालिनीमावशी

शिकागो,
१६ नोव्हेंबर २००४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तीनदा ऐकली! काय आवाज आहे! दोन डिसेंबरच्या शोमध्ये लावतेच. पण मावशी, अख्ख्या पत्रात त्यांचं नावच नाही. ‘सिस्टर’ म्हणून अनाउन्स करू का? शेजारणीचं नाव माहीत नाही म्हणून मला कोण ओरडलं होतं?

काकांना नमस्कार. राग नसावा, लोभ असावा.
रेणू

जर्सी सिटी,
२३ नोव्हेंबर २००४

चि. रेणूस आशीर्वाद.

तुझा टोमणा बरोबर आहे. सात महिने या बाई माझ्या घरात वावरतात. आपल्याकडे नर्सला सिस्टरच म्हणायचं, नावाने हाक मारणं उद्धटपणाचं, म्हणून मी कधी विचारलंच नाही. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेली बाई मी!

काल माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, रेकॉर्डवाल्यांनीही नाव विचारलं नव्हतं, पण त्यांनी चहासुद्धा दिला नाही. नाव एनिड मॅकफार्लेन. स्पेलिंग त्यांच्याकडूनच लिहून घेऊन सोबत जोडलं आहे.

आता नवी अडचण. त्या गाण्यात मागे साथीला गाणाऱ्या दोन मुली होत्या. एक व्हेरोना ग्रँट. दुसरीचं नाव एनिडबाईंना आठवत नाही, आणि तिला वगळून आपलं नाव घ्यायला त्या तयार नव्हत्या. कार्यक्रम पुढे ढकला म्हणाल्या. मी साफ नाही म्हटलं. पंचवीस वर्षं झाली, आता पुरे. बऱ्याच वेळाने कबूल झाल्या, पण एका अटीवर. दोघींची नावं सांगून झाली की स्टेशनचा फोन नंबर सांग, सावकाश, दोनदा. ती तिसरी कुठे ऐकत असली, तर तिने फोन करून आपलं नाव सांगावं.

फोनपाशी स्वतः बस.
लोभ आहेच.
मावशी