एक अधिक

प्रिय दादा,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद.

भूमापनाच्या पदवीचं शेवटचं सत्र चालू आहे. संस्कृत शिकलेली बाई पन्नाशीत ऑनलाइन कोन मोजते, याची यथेच्छ चेष्टा तुझी करून झाली आहे. दिवसभर ऑफिसातले नकाशे, जेवणाच्या सुट्टीत फोनवर सरांची व्याख्यानं ऐकायची. परीक्षेत कॅमेरा डोळे वटारून बसतो. मागच्या वेळी सूत्र आठवेना म्हणून श्लोकासारखं पुटपुटले, तर पडद्यावर तांबडी अक्षरं: ‘परीक्षार्थी कुणाशी तरी बोलत आहे.’ आता देवाचं नाव घ्यायचीही धास्ती वाटते.

एकच अहवाल उरलाय. ओळखीची एखादी जागा स्वतः मोजून, मालकांच्या सह्यांसह येत्या शुक्रवारपर्यंत पाठवायची. तो चुकला तर पदवी वर्षभर लांबणीवर, आणि पदवीशिवाय मोजणीवर माझी सही चालत नाही. तुझ्या जागेची मापं तयार आहेत. पाठवायला हात धजत नाही.

त्याचं असं झालं. माझ्या लेकाच्या वयाचे सर ‘नेमाने होणारी चूक’ शिकवत होते. तुटक्या टेपवाल्यांची फजिती सांगताना ते हसले. मी हसले नाही. आमच्या ऑफिसची ती जुनी टेप आठवते? पहिला मीटर तुटलेला, म्हणून एकच्या खुणेपासून धरायची आणि येईल त्यातून एक वजा करायचा. खुंटी ठोकताना मात्र उलटं, एक अधिक. तुझ्या कुंपणाची भिंत मी आखली ती त्याच टेपने. शेजारच्या मास्तरांच्या पलीकडच्या हद्दीच्या दगडापासून त्यांचे अठरा मीटर मोजले आणि अठराच्याच खुणेवर खुंटी ठोकली. एकोणीसवर ठोकायची होती. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ जन्मभर म्हटलं, आणि नेमका तेव्हा अधिक विसरले.

मास्तर म्हणाले होते, ‘ताई, पुन्हा एकदा बघता का?’ तू म्हणालास, ‘माझ्या बहिणीनं मोजलंय, मास्तर.’ त्या दिवशी तुमचा बुद्धिबळाचा डाव मोडला तो नऊ वर्षं मांडला नाही.

परवा तू कामावर असताना मी येऊन मोजून गेले. वहिनीला वाटलं, अभ्यास. तीनदा मोजलं. मास्तरांचे सतराच भरतात.

तुझ्या जागेऐवजी जवळच्या एखाद्या बागेची मापं पाठवून पदवी मिळेलही. पण तुझं ते वाक्य मला पदवीहून मोठं वाटत आलंय, आणि तेच खोटं निघालं. दुसऱ्याच्या तोंडून तुला हे कळू नये, म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी आधी तुझ्याकडे येते, मग मास्तरांकडे. तू आलास तर दोघं, नाहीतर मी एकटी. भिंतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, चूक कुणाची ते मी सांगेन. अहवालावर तुमच्या दोघांच्या सह्या मिळतील न मिळतील. नवी टेप आणते आहे, तिचं शून्य शाबूत आहे.

तुझीच, एका मीटरने चुकलेली,
धाकटी