आधी तुमची झडती

बाबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी आपल्या घराची झडती झाली. पुरानी बस्तीतल्या याच घराची, जिथून तुम्ही दुसऱ्यांच्या झडतीला पंच म्हणून जायचे. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागून. बोलताना माझं मराठी आता अर्धं हिंदी झालंय, पण पत्र धड मराठीत लिहायचं ही तुमची शिस्त अजून हातात आहे.

तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातले कारकून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून पोलीस ठाण्याला सोयीचे वाटायचे. शिपाई दारात येऊन "बड़े बाबू, चलना है" म्हणाला की तुम्ही टोपी घालून निघायचे. परत आलात की आई मयतावरून आल्यासारखं अंगणातच पाय धुवायला लावायची आणि मगच चहा द्यायची. तुमची एकच खोड होती. घर कुणाचंही असो, तुम्ही उंबऱ्यावर आडवे उभे राहायचे आणि म्हणायचे, आधी आपली झडती, मग त्यांची. पहिला खिसा स्वतःचा उलटा करायचे. सुपारीची डबी, सायकलची किल्ली, रुमाल. मग हवालदाराचा खिसा, आणि हे सगळं घरमालकासमोर. आत जाणारे हात रिकामे असतील तरच आत सापडलेलं त्या घरातलं, असं तुमचं म्हणणं. हवालदार हसायचे, पण खिसे उलटे करायचे.

मग ते छापखान्याचं प्रकरण झालं. मागच्या गल्लीत खिळे जुळवणारा एक माणूस राहायचा, त्याच्यावर कुणा पुढाऱ्याविरुद्ध पत्रकं छापल्याचा आळ होता. तुम्ही पोचायच्या आधीच पोलीस आत जाऊन आले होते आणि पत्रकांचा गठ्ठा ओट्यावर तयार होता. फक्त सही करायची होती. तुम्ही म्हणाले, मी पाहिलं नाही, आणि घरी निघून आले. त्यानंतर ठाण्यानं तुम्हाला बोलावणं सोडलं. कोपऱ्यावरचा पानवाला पंच झाला. तो एका हातानं कत्था लावायचा नि दुसऱ्या हातानं सही करायचा. ठाण्यातले लोक तुमच्याकडे वाकड्या नजरेनं पाहू लागले, आई घाबरली, आणि मी, तेव्हा शाळेतली पोट्टी, जेवताना तुम्हाला विचारलं, "काहून नाही केली सही? एका सहीनं काय जात होतं तुमचं?"

तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. "न पाहिल्याची सही करायची असली तर डोळे ठाण्यात जमा करून यावं लागते. मग मले हात धरून ऑफिसात कोण नेईन? तू?"

मी रुसून उठले होते. पुढं कधी तुम्ही तो विषय काढला नाही, मीही नाही.

आता तुमच्या नातीचं. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते, आणि नाक तुमचंच आहे. भनपुरीकडे रस्त्यालगतची घरं पाडत होते. ही ऑफिसातून येताना तिथं थांबली, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं की ही घरं कुणाच्या हुकमानं पाडली ते कागद दाखवा. बस, एवढंच. कुणीतरी तक्रार केली की ही पोट्टी माहौल बिघडवून राहिली. आणि एका सकाळी, मी पोहे भिजवत असताना, पोलीस दारात. साहेब तिच्याहून लहान, सोबत एक महिला शिपाई आणि दोन पुरुष शिपाई. पंच म्हणून कुणाला आणलं होतं सांगू? त्याच पानवाल्याच्या मुलाला. आता त्याचं पंडरीच्या बाजारात कपड्याचं दुकान आहे, मला दीदी म्हणतो. मान खाली घालून उभा होता बिचारा.

बाबा, माझ्या तोंडात जीभ तुमची निघाली. हातात पोह्यांचं मोठं ताट होतं. ते रिकामं करून मी उंबऱ्यावर आडवी उभी राहिले आणि म्हटलं, आत या, पण पहले आप लोग अपनी तलाशी दीजिए. मागून पोरगी म्हणत होती, मम्मी, रहने दो ना. साहेबाचा पारा चढला. "माताजी, हम चोर हैं क्या?"

"नहीं हैं, तो फिर डर कैसा?" मी म्हटलं. हेच वाक्य ते लोक आपल्याला ऐकवतात ना, म्हणून आयतं सुचलं.

साहेबानं खिशातलं ताटात टाकलं, मग बाकीच्यांनी. किल्ल्या, पाकिटं, तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी, एक कंगवा आणि एका शिपायाच्या वरच्या खिशातून काळा पेन ड्राइव्ह. बिटिया के गाने हैं, तो म्हणाला. मी ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवलं. मग त्यांनी घर उपसलं. तुमची रेल्वेची पेटी, आईच्या साड्या, गाद्या. महिला शिपायानं देवघरापाशी बूट काढले, हात जोडले आणि मग देवांच्या मागं चाचपलं. राग कुणावर धरावा तेच कळेना.

आणि इथं मी घोळ घातला. पोहे भिजलेले होते. घरी आलेला माणूस खाल्ल्याशिवाय जात नाही, आईनं हे आयुष्यभर डोक्यात ठोकलेलं. माझे हात आपोआप फोडणीकडे गेले. बशा न्यायला ताट हवं, म्हणून मी बाहेरचं ताट आत आणलं आणि त्यातलं सगळं जेवणाच्या टेबलावर ओतलं. तुमची अक्कल आणि आईचा हात एकाच बाईत भरले की असं होतं. सगळे पोहे खात होते, आपापल्या वस्तू उचलून घेत होते, आणि लिहिणारा शिपाई जप्तीची यादी वाचत होता. लॅपटॉप, मोबाइल, डायरी, पेन ड्राइव्ह एक नग, डायनिंग टेबल से जप्त.

मी म्हटलं, अहो, हा तुमच्याच माणसाचा आहे. गाण्यांवाला शिपाई बशीतून मान वर करीना. साहेब म्हणाले, टेबलावर होता, टेबलावरून लिहिला. आत काय भरलं होतं कुणाला ठाऊक. पण जे काही निघेल ते आता माझ्या पोरीच्या नावावर निघणार होतं, आणि तो कागद पानवाल्याच्या मुलापुढं गेला. मी मनात म्हटलं, झालं. याचा बाप कत्था लावता लावता सही करायचा.

त्यानं सावकाश वाचलं आणि पेन खाली ठेवला. "साहब, ये तो दीदी की थाली में था। इन भैया की जेब से निकला, मैंने देखा है। ऐसा लिख दीजिए, मैं साइन कर देता हूँ।"

मग साहेबानं ती ओळ खोडायला लावली आणि शिपायानं पेन ड्राइव्ह खिशात घातला. खरंच गाणी होती की काय, देव जाणे. लॅपटॉप, मोबाइल आणि डायरी गेली ती गेलीच, पोरगी अजून ठाण्यात जबाब द्यायला जाते. पण वकील म्हणाले, ती ओळ राहिली असती तर कठीण होतं. नंतर मी पानवाल्याच्या मुलाला विचारलं, तुला भीती नाही वाटली? तो म्हणाला, बहुत लगा दीदी. पण बाबूजी, म्हणजे तुम्ही, रोज पान घ्यायला यायचे, आणि पान घेऊन निघाले की त्याचे वडील दुकानात म्हणायचे, आज भी आँख नहीं मिला पाया. ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

इथंच थांबले असते तर पत्र छान झालं असतं. पण पुढचं सांगायचं म्हणूनच लिहायला बसले. आता पाऱ्यात, म्हणजे आपल्या मोहल्ल्यात, मला थालीवाली दीदी म्हणतात. परवा मंदिरामागच्या घरमालकिणीचा फोन आला. तिच्या भाडेकरू मास्तरांकडे पोलीस आले होते, मास्तरांनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं होतं म्हणे. ती म्हणाली, दीदी, थाली लेकर जल्दी आ जाओ, ये लोग बाहर ही खड़े हैं. मी म्हटलं, माझे गुडघे फार दुखून राहिले, चालवत नाही.

मास्तरांना घेऊन गेले. खोलीत बरंच काही सापडलं म्हणतात. दारात कुणी उभं नव्हतं.

हे कागद मी आजच फाडणार आहे. पुन्हा झडती झाली तर पोरीच्या हाती लागायला नकोत. पोलिसांनी वाचलं तर चालेल एक वेळ.

माझे गुडघे ठणठणीत आहेत, बाबा.