कालियाच्या फण्याखाली

बाबा, मला तुमच्याशी अकोल्याच्या त्या देखाव्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा हा विषय निघाला की पायात चपला सरकवून बाहेर पडायचात. आता कुठे जाणार?

गणपतीचे हलते देखावे हा आपला धंदा. अमरावतीत घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये चाचा लोखंडी सांगाडे जोडायचे, तुम्ही दिवे आणि आवाज सांभाळायचात. चाचा अकोल्याचे, तुमचे तरुणपणापासूनचे भागीदार. मी तुमच्या शेजारी बसून बघायची. लाकडी फळीवर ओळीनं खटके, आणि त्यांवरून फिरणारी तुमची बोटं. ‘आदी आवाज जाऊ दे,’ तुम्ही सांगायचात. ‘लोकायनं मान वळवली, का मंग उजेड दे.’ मी डिप्लोमा पास झाले तेव्हा तुम्ही लॅपटॉप आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालात, ‘खटके दाबून माहे बोटं दुखून राहिले. आता हे सारं तूच पाय.’ त्या दिवशी माझ्याइतकी सुखी मुलगी सगळ्या वऱ्हाडात नसेल.

तुमचे खटके मी सॉफ्टवेअरमध्ये आणले. पडद्यावर डावीकडे आत येणारे इशारे असतात, म्हणजे निवेदनातली एखादी जागा, बटण, सेन्सर. उजवीकडे बाहेर जाणारे हुकूम, म्हणजे दिवा, धूर, मोटर. कोणत्या इशाऱ्यावर काय घडायचं, ते दोघांमध्ये रेघ ओढून ठरवायचं. एवढंच काम, आणि त्यातच सगळं काम. त्या वर्षी अकोल्याच्या एका मंडळासाठी आपण कालियामर्दन केलं. बासरीचा पहिला सूर आला की निळा उजेड, निवेदकानं कालियाचं नाव घेतलं की मोटर सुरू होऊन फणा वर, आणि शेवटी फणा खाली. मला भीती होती ती त्या खाली येण्याची. सांगाड्याच्या पोटात साखळी होती आणि चाचा सारखे तिथं हात घालायचे. म्हणून मी तिथं जमिनीवर एक दाबपट्टी अंथरली आणि तिची रेघ मोटरला जोडली. पट्टीवर वजन आलं की मोटर जागच्या जागी थांबणार. मी तुम्हाला ते दाखवलं होतं. दोनदा, हात धरून.

पहिल्याच संध्याकाळी, पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असताना, फणा खाली येता येता अर्ध्यात अडकला. सांगाडा हलू नये म्हणून ठेवलेलं वाळूचं एक पोतं घसरून पट्टीवर आलं होतं, एवढंच. मी टेबल तुमच्यावर सोडून मागे धावले. चाचाही आले. वाकण्याआधी त्यांनी मला विचारलं, ‘पट्टी चालू हाय ना, बेटी?’

‘चालू आहे चाचा. बिनधास्त जा.’

समोरून तुमचा आवाज येत होता. ‘काहून थांबून राहिलं हे? लोकं हासून राहिले!’ मी ओरडले, ‘बाबा, थांबा, हात लावू नका!’ चाचांनी पोतं ओढण्यासाठी हात आत घातला, आणि फणा खाली आला. मोटरनं अर्धवट राहिलेला हुकूम पुरा केला. मी मुख्य खटका पाडला तोवर चाचांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती.

त्यांना गाडीत घातल्यावर मी टेबलापाशी आले. पडद्यावर पट्टी होती, मोटर होती, मधली रेघ नव्हती. माउस अजून तुमच्या मुठीत होता. ‘तुम्ही काढली?’ मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘चूप राय. आता चूप राय.’ आणि मंडळाची माणसं जमली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘पोरीनं काय जोडलं, मले काय मालूम? कम्प्युटरनं घात केला.’

मी चूप राहिले. वाटलं, घाबरलात, घरी गेल्यावर सांगाल.

पुढचं तुम्हाला आठवतं का? चाचा हाताला पट्टी बांधून अमरावतीला आपल्या घरी आले. आई चहा ठेवून आत गेली होती. तुम्ही खुर्चीवर, मी दाराशी उभी. चाचांनी मला जवळ बोलावलं, डावा हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘बेटी, चूक माणसाकूनच होते. तुह्यावर माहा राग नाही.’ आणि ते थांबले. बराच वेळ थांबले. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि प्यायलात. आई दारातून म्हणाली, ‘पाया पड त्यायच्या.’ मी पडले. न केलेल्या चुकीची माफी मी तुमच्यासमोर घेतली, बाबा.

त्यानंतर अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, मला कुणी टेबलापाशी बसू दिलं नाही. ‘पोरीचं कम्प्युटर नको,’ म्हणायचे. तुम्ही दुसरा माणूस ठेवलात. मी परगावी गेले, परक्यांच्या हाताखाली राबले, आणि तुमचं आजारपण, तुमचं जाणं, सगळं पाहुण्यासारखं येऊन बघून गेले. आता पुन्हा अमरावतीत आहे. माझं काम माझ्या नावावर चालतं. मोटर थांबवायचा स्विच मी आता थेट तिच्या वायरीतच बसवते. तो लॅपटॉपवरून कुणालाच काढता येत नाही.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेले होते, चाचांकडे. थकलेत. त्यांच्या अंगणात बसून मी शेवटी सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘मले मालूम हाय.’

‘काय मालूम?’

‘मी खाली वाकलो होतो. कापडाच्या फटीतून टेबल दिसून राहिलं होतं. तू माह्याजवळ उभी, आन् तुहे बाबा एकटेच तिथं.’

‘मग त्या दिवशी घरी येऊन मला माफ का केलंत?’

‘तुले नाही, बेटी. त्याले मौका देऊन राहिलो होतो. वाटलं, आता बोलंन. आता बोलंन.’

एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं. ते माझ्यासाठी रडत नव्हते, बाबा. भागीदारासाठी रडत होते. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर तो माणूस तुमच्या गळ्यात पडला असता. माझी वर्षं वाचली असती ती वेगळीच. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मिळणार होतं, आणि तुम्ही चहा प्यायलात.

हे पत्र मी आता फाडणार आहे, आईच्या हाती लागायला नको. तिला अजून वाटतं की चाचांची बोटं माझ्यामुळे गेली. परवा ती शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘हिचे बाबा कदी खोटं बोलले नाहीत.’ काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवून ‘हो’ म्हटलं. आईसाठी म्हटलं, असं मी स्वतःला समजावते. ते पुरतं खरं नाही.