लासुर्ण्याची मोळी

मंगळवार, संध्याकाळ

आठवड्यात प्रबंध द्यायचाय आणि आज सगळं मातीत गेलं.

पणदरे, कळंब, लासुर्णे. तिन्ही गावांतले ऊस जाडीनुसार एकाच रांगेत लावून क्रमांक दिले, मध्यक ताडून पाहिले. चाचणीत फरक ठळक निघाला, लासुर्णे सगळ्यात वर. पेढे घेऊन मी तात्यांकडं गेले, कारण लासुर्ण्याचा ऊस त्यांच्याच शेतातला. तोडणीच्या वेळी मला ताप होता; दर दहा पावलांवर जो येईल तो ऊस तोडा, एवढं फोनवर सांगितलं होतं.

तात्या हसले. "आलेला कसा देऊ? पोरीच्या कालेजात जायचा हाय. सारा फड हिंडून जाडजूड तेवढाच काढला."

मोळी वाढ्यानं, म्हणजे उसाच्याच हिरव्या शेंड्यानं बांधतात. ही त्यांनी नातीच्या लाल रिबिनीनं बांधली होती. तेव्हाच कळायला नको होतं?

आता फड तुटून कारखान्याला गेलाय, परत मोजायचं काय? सरांना सांगितलं तर वर्ष गेलं. नाही सांगितलं तर... रिबीन अजून माझ्या टेबलावर आहे.

निघताना तात्यांनी विचारलं, "मग, आपला पयला नंबर आला न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय तात्या, आला."